दिवसाढवळ्या

एइनारी आला शनिवारी, पावणेदहाला,
काखेत पुठ्ठ्याचं खोकं, दुसऱ्या हातात काठी.
बाबांनी स्वयंपाकघरातून पाहिलं
आणि पडदा सोडून दिला.

चाकांना उटी लावून
बंपर मी आदल्या रात्रीच उतरवला होता.
"साठ सेंटिमीटर," तो म्हणाला.
ना हालहवाल, ना थंडीबद्दल काही.
"दोन दिव्यांत साठ तरी हवेत.
याहून जवळ आले तर लांबून मोटारसायकल वाटते."
टेपचं एक टोक त्याने धरलं, एक मी.
इतक्या जवळून मी त्याला
इस्पितळातसुद्धा पाहिलं नव्हतं.

मागच्या ऑक्टोबरात, कुहमोच्या रस्त्यावर,
सूर्य पाइनच्या कमरेइतका खाली,
राखाडी रस्ता, राखाडी कोरोला.
बाबा दिवे लावायला विसरले.
विसरले कसले, ते कधी लावतच नसत.
"दिवसाढवळ्या दिवे! मी काय आंधळा आहे?"
वळणावर एइनारीला गाडी दिसली तेव्हा
ब्रेकपुरताही रस्ता उरला नव्हता.
त्याने चाळीस टन लाकूड दलदलीत घातलं.
आमच्या गाडीला ओरखडा नाही.
त्याच्या डाव्या पायात अकरा स्क्रू.

त्यानंतर बाबांनी किल्ली माझ्या हुकाला अडकवली
आणि त्याबद्दल घरात कुणी बोललं नाही.

लाल वायर बॅटरीच्या धन टोकाला,
मध्ये पाच अँपिअरचा फ्यूज.
निळी हेडलाइटकडे:
मोठे दिवे लागले की यांनी मान खाली घालायची.
पिवळी किल्लीच्या मागे.
"ही चुकली तर रात्रभर जळतील,
सकाळी बॅटरी मेलेली."
इंजिनमागच्या पत्र्यातल्या रबरी बुचातून
तो बाहेरून वायर ढकलत होता,
मी स्टिअरिंगखाली उताणी पडून ओढत होते,
ब्रेकचं पेडल कानाशी,
नाकावर जुन्या पाइनच्या सुया.
"आली का?"
"थोडी अजून."
"आली?"
"आली."
गेल्या वर्षभरात आमच्या घराशी
त्याचं एवढंच बोलणं.

काळी वायर त्याने बॉडीच्या बोल्टला आवळली.
जोडांवर नळ्या चढवून लायटरने आवळून घेतल्या,
जळक्या प्लॅस्टिकचा वास कोठारभर.
मी किल्ली फिरवली.

काही नाही.

फ्यूज पाहिला. ठीक.
मीटर लावला, लाल टोकाला बारा पॉइंट चार.
पिवळीवरही वीज येत होती.
एइनारी खोक्यावर बसला, पाय लांब करून,
आणि गुडघा चोळत राहिला.
"काय कळेना," तो म्हणाला.

तेव्हा कोठाराच्या दाराशी बाबा,
घरातल्या सपाता, हातात कानस.
किती वेळ उभे होते कोण जाणे.
"रंगावर आवळलंय तुम्ही," ते म्हणाले,
माझ्याकडे बघत, त्याच्याकडे नाही.
"रंगावर अर्थ लागत नाही.
खाली खरा पत्रा लागेपर्यंत खरवडावं लागतं."

आणि स्वतःच वाकले.
बराच वेळ कानशीचा आवाज.
आधी राखाडी निघालं, मग तांबूस प्रायमर,
मग नाण्याएवढा लखलखीत, उघडा लोखंडी गोल.
एइनारीने बोल्ट पुढे केला.
बाबांनी घेतला. बोटं काळी, दोघांचीही.

मग बाबा गाडीत बसले.
वर्षाने.
सीट मागे सरकवली, मी ती पुढे घेतलेली असते.
एइनारी काठी टेकत अंगणात गेला,
कुंपण ओलांडून रस्त्यावर,
तीसेक पावलांवर वळून उभा राहिला,
पाठीशी तोच बसका सूर्य.

किल्ली फिरली.
आतून काही कळत नाही,
काचेपलीकडे तोच दिवस, तोच रस्ता.
"लागले का?" बाबांनी काच खाली करून विचारलं.
आणि उत्तर येईना तेव्हा पुन्हा, जरा चढ्या आवाजात,
"अरे, लागले का?"

एइनारीने काठी वर केली.
"दिसतोयस, ताइस्तो."

बाबांनी काच वर घेतली.
बऱ्याच वेळाने मला म्हणाले,
कॉफी टाक. तिघांची.